सिंहासनाची वर्गणी

राज्याभिषेकदिनासाठीं आमच्या गांवीं पत्र्याचें सोनेरी सिंहासन करविलें. घरटी वर्गणी लावली. एका कुंभारणीपाशीं पैसे नव्हते, तर तिची कोंबडी नेली! यास आम्ही महाराजांची पूजा म्हणावी काय?

६ जून १६७४ रोजीं रायगडावर मांडलेलें सिंहासन सभासद बत्तीस मण सोन्याचें सांगतो. पण त्याचा दरारा सोन्याचा नव्हे. पुढें पुण्यास शनिवारवाड्यांत सारी सत्ता एकवटली, तरी पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याच्या गादीकडूनच घ्यावीं लागत. हें वजन कोठून आलें?

राज्याभिषेकापूर्वींच चिपळुणाकडील छावणीच्या कारभाऱ्यांस महाराजांचें पत्र गेलें. शिपायांनीं कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, भाजी कांहीं नेऊं नये. पैका दिला आहे, बाजारांत विकत घ्यावें. नाहींतर रयतेस मोगल बरा वाटेल. उंदीर दिव्याची जळती वात ओढील आणि गवत पेटेल, येथवर त्यांत काळजी आहे.

बंधूंनो, हें पत्र आम्ही वर्गांत मुलांकडून वाचून घेतों. वर्गणीच्या पुढील बैठकींतही वाचूं. पण कोंबडीचे पैसे आधीं मागूं.