बोक्याची तहान

गेल्या मे महिन्यात आमचा बोका रेतीच्या ट्रेमध्ये बसून नुसता कुंथत होता; लघवीचा थेंब नाही. डॉक्टरांनी नळी घातली तेव्हा सुटला. चूक माझीच. वर्षभर कोरडे दाणे, शेजारी पाण्याची वाटी आणि ‘तहान लागली की पिईल’ हा माझा शहाणपणा! मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्याला तहान उशिराच कळते. दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्या खाण्यात 75 ते 80. म्हणून म्हणते, पाणी जेवणातूनच पोटात जायला हवं. आता रात्री ओलं पाकीट, त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवून. सकाळी दाणेच, दोन्ही वेळा पाकीट परवडत नाही. पाण्याचं पसरट भांडं जेवणापासून लांब, खिडकीत ठेवलंय. साहेब पितात मात्र न्हाणीतल्या बादलीतलंच.