जुने घड्याळ आणि नवा रंग

जुनी वस्तू विकत घेणारा मनुष्य बहुधा दोन परस्परविरोधी इच्छा मनात धरून बाजारात जातो. वस्तू जुनी असावी, आणि ती जुनी दिसू नये. मनगटी घड्याळांच्या बाबतीत या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुरवणारा मोठा व्यवहार आपल्या देशात उभा राहिला आहे. त्याविषयी जाणकार मौन पाळतात आणि नवखे फसतात. ते मौन मोडावे एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

मुंबईच्या चोरबाजारात, साबरमतीच्या काठी भरणाऱ्या अहमदाबादच्या रविवारच्या गुजरीत किंवा हैदराबादच्या जुमेरात बाजारात एक फेरी मारावी. हल्ली तर घरबसल्या भ्रमणध्वनीवरही हा बाजार भरतो. एचएमटी, फावर-ल्यूबा, वेस्ट एंड ही आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावरची नावे तेथे ओळीने मांडलेली दिसतील. तबकड्या मात्र हळदीसारख्या पिवळ्या, मोरपंखी, नारिंगी. चाळीस-पन्नास वर्षे उन्हापावसात वापरलेल्या वस्तूवर एक डाग नाही! परदेशातील संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे नाव ठेवले आहे. ते कौतुकाने ठेवलेले नाही, हे सांगायला नकोच.

या चकाकीची कृती साधी आहे. तबकडीवरचा मूळ रंग आणि मूळ अक्षरे खरवडून काढायची, त्या पत्र्यावर नवा रंग चढवायचा आणि नाव पुन्हा छापायचे. काटे दुसऱ्या घड्याळाचे, चावी तिसऱ्याची, आतले यंत्र जे हाती लागेल ते. मग या जोडतोडीला 'अस्सल जुने' म्हणून विकायचे. माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे, आधीच्या सर्व कामाला नाही.

हा भेद करणे अगत्याचे आहे, कारण या प्रश्नावर बोलणारे दोन पक्ष तो करीत नाहीत. एक पक्ष सोवळ्यातला. घड्याळाला परक्याचा हात लागला की त्याच्या लेखी ते बाटले. या पक्षाला आपला इतिहास ठाऊक नसावा. फावर-ल्यूबा ही १७३७ सालापासूनची स्विस परंपरा. तिचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. पुढे आयातीवर निर्बंध आले आणि परदेशी घड्याळांचे सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. एचएमटीचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत उभा राहिला तो १९६१ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही, सर्द हवेने काळवंडलेली तबकडी पुन्हा रंगवून घेणे ही कित्येकांची गरज होती. घड्याळ बंद पडून कपाटात जाण्यापेक्षा ते बरे होते. ज्या घड्याळजीने ते केले, त्याने मालकाला न सांगता केले नाही आणि त्यातून कुणाला ठकवलेही नाही.

दुसरा पक्ष उदारमतवादी. 'दिसायला छान आहे, वेळ दाखवते, किंमतही बेताची. मग अस्सल-नक्कलचा काथ्याकूट कशाला?' असे तो विचारतो. त्याला माझे उत्तर असे की, रंगवलेले म्हणून सांगा, रंगवलेल्याच्या भावाने विका, आणि खुशाल वापरा. पण तुम्हीच ते 'जुने' म्हणून मिरवता, आणि त्या एका शब्दाचे पैसे देता-घेता. ज्या शब्दाचे पैसे मोजले, तो शब्द खरा असावा ही अपेक्षा सोवळेपणाची नव्हे, साध्या व्यवहाराची आहे.

या विषयात माझे मन गुंतण्याचे कारणही सांगून टाकतो. वडिलांची एचएमटी 'जनता' त्यांच्या पश्चात मी एका घड्याळजीकडे केवळ सफाईसाठी दिली. चार दिवसांनी ती परत आली ती नवी कोरी होऊन. कडेने तपकिरी झालेली पांढरी तबकडी शुभ्र झाली होती आणि कंपनीच्या नावाची अक्षरे किंचित जाड झाली होती. त्या गृहस्थाने जादा पैसे घेतले नाहीत. मला आनंद होईल अशीच त्याची समजूत होती. जुनी तबकडी परत मागितली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, हीच ती." खरेच होते ते. पत्रा तोच होता. वडिलांनी तीस वर्षे जी पाहिली, ती तबकडी मात्र आता कुठेच नव्हती. त्याला दोष देताना जीभ अडखळते. गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते हे त्याला गिऱ्हाइकांनीच शिकवले होते.

म्हणून दोषाचा मोठा वाटा मी खरेदीदाराच्या पदरात टाकतो. तो किंमत आधी विचारतो आणि तबकडी मागाहून पाहतो. हा क्रम उलटा हवा. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन आधी अक्षरे पाहावीत. कारखान्यातील छपाई रेखीव, सारख्या जाडीची असते. पुन्हा छापलेली अक्षरे पसरतात, ओळ तिरकी जाते, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. स्विस घड्याळाच्या तबकडीच्या तळाशी बहुधा देशाचे नाव बारीक अक्षरांत असते. ते गायब किंवा ओबडधोबड असेल तर सावध व्हावे. तो रंग कंपनीने कधी काढला होता काय, हे जुन्या जाहिराती व सूचिपत्रे पाहून ताडावे. मात्र अपरिचित दिसते ते सारे खोटे, असेही मानू नये. देवनागरी अंकांची 'जनता' एचएमटीने स्वतःच काढली होती.

दुसरी कसोटी एकसारख्या वार्धक्याची. तबकडी, काटे आणि अंधारात चमकणारा लेप ही एकाच वेळी जन्मलेली भावंडे. ती एकत्रच म्हातारी झाली पाहिजेत. तळाच्या 'स्विस' शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी हे अक्षर असेल, तर लेपात ट्रिटियम आहे असा त्याचा अर्थ. ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षांचा. तेव्हा १९७० च्या आसपासचे असे घड्याळ आज रात्रभर लखलखत असेल, तर तो लेप नवा आहे हे उघड आहे. त्याहून जुन्या घड्याळांत रेडियम असू शकते. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग विझत नाही, कारण रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षांचा आहे. असा लेप घरी खरवडण्याचा उद्योग कुणीही करू नये.

तिसरी गोष्ट, मागचे झाकण उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा. जो विक्रेता यंत्र दाखवत नाही, त्याच्याकडून घड्याळ घेऊ नये. यंत्रावरचे नाव तबकडीवरच्या नावाशी जुळते का, स्क्रूंची डोकी झिजली आहेत का, गंज आहे का, हे सामान्य माणसालाही दिसते. डबीच्या कडा धारदार आहेत की घासून गोल केल्या आहेत, तेही पाहावे. घासलेला धातू परत येत नाही. आणि 'चालू आहे' या दोन शब्दांवर विसंबू नये. तेल सुकलेले यंत्रही चालते. फक्त चालता चालता स्वतःला झिजवते. पूर्ण चावी देऊन निदान एक दिवस ते चालवून पाहावे, उताणे आणि पालथे ठेवून वेळ ताडावी, आणि सफाई-तेलपाण्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा. झाकणावर 'वॉटरप्रूफ' कोरलेले असले तरी आतले रबर कधीच वाळलेले असते. हात धुतानाही जपावे.

आपण साहित्याची माणसे आहोत. आपल्याला हा विवेक परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठ शुद्ध करणे आणि त्यात आपली भर घालणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या. पुढच्यांनी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. जीर्ण प्रत सांधावी, वाळवी काढावी, पण क्षेपक मूळ म्हणून खपवू नये. पोथीला लावलेला हा न्याय घड्याळाला लावायला काय हरकत आहे?

या रंगरंगोटीने कारागिरांचे पोट भरते, असा शेवटचा युक्तिवाद केला जातो. तो वरवर दयाळू वाटतो. पण बाजार रंगाचे पैसे देतो आणि यंत्र सांधण्याचे देत नाही, तेव्हा यंत्र सांधणारा हात पुढच्या पिढीत तयार कसा व्हावा? एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. त्या कंपनीची जुनी चावीची यंत्रे जिवंत राहायची, तर ती उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा चालती करणाऱ्या घड्याळजींवरच त्यांचा भार आहे. त्यांच्या कौशल्याचा मोबदला सढळ हाताने द्यावा, आणि तबकडीला हात न लावण्याचाही द्यावा.

मागणी फार मोठी नाही. विक्रेत्याने पावतीवर 'तबकडी पुन्हा रंगवलेली' एवढे तीन शब्द लिहावेत. खरेदीदाराने ते लिहून मागावेत. आणि घरातले जुने घड्याळ दुरुस्तीला देताना आपण प्रत्येकाने आधी बजावून सांगावे, की सफाई करा, तेल द्या, पण तबकडी आहे तशीच राहू द्या. मी हे सांगायला विसरलो होतो.