'का?' या प्रश्नाला उत्तर हवेच

नियम लिहून यंत्राला शहाणे करण्याचा काळ सरला, आता भरपूर विदा पुरवली की यंत्र आपले आपण शिकते, असे हल्ली ठासून सांगितले जाते. या मताला आधार आहे. डग्लस लेनट यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला 'साइक' प्रकल्प माणसाचे व्यवहारज्ञान तर्कनियमांत बांधण्यासाठी कित्येक दशके राबला; ते काम पुरे झाले नाही. चेहरा ओळखणे, बोली समजणे हेही हाताने लिहिलेल्या नियमांना नीट जमले नाही.

एवढे मान्य करूनही नियम टाकाऊ ठरत नाहीत. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी घडवलेली, संसर्गाचे जंतू ओळखून औषध सुचवणारी 'मायसिन' प्रणाली पाहा. जर जंतू रक्तात सापडले असतील, नमुना एरवी निर्जंतुक असणाऱ्या जागेचा असेल आणि संसर्ग पचनमार्गातून शिरल्याचा संशय असेल, तर जंतू 'बॅक्टेरॉइड्स' असावेत, खात्री ०.७. असे शेकडो नियम तिच्यात होते. ती माहिती मागू लागली की डॉक्टर 'का?' असे विचारू शकत आणि ती त्या क्षणी वापरात असलेला नियम समोर ठेवी. मेंदूज्वराच्या रुग्णांवरील १९७९ च्या चाचणीत तिची औषधनिवड तज्ज्ञांच्या तोडीची ठरली.

नियम वाढले की सांभाळणे जड जाते, हा आक्षेपही खरा. पण चुकलेला नियम शोधून दुरुस्त करता येतो. शिकलेल्या यंत्रातल्या अब्जावधी आकड्यांत विखुरलेल्या चुकीवर बोट कुठे ठेवणार? लिहिलेला नियम अन्यायाचाही असू शकतो. मात्र तो वाचता येतो, म्हणून त्याविरुद्ध दाद मागता येते.

शिकणाऱ्या यंत्राला हद्दपार करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'अल्फाजॉमेट्री' या भूमितीच्या प्रणालीत भाषेचे प्रारूप आकृतीत नवे बिंदू सुचवते आणि नियमांवर चालणारे तर्कयंत्र सिद्धतेची एकेक पायरी रचते. या जोडीने गणित ऑलिंपियाडची ३० पैकी २५ प्रमेये सिद्ध केली. सुचवण्याचे काम एकाकडे, पडताळणीचे दुसऱ्याकडे, ही वाटणीच योग्य आहे.

कर्ज, निवृत्तिवेतन, उपचार यांचे निकाल यंत्राच्या हाती देताना हीच वाटणी बंधनकारक हवी. यंत्राने खुशाल अंदाज बांधावा, पण अखेरचा निर्णय लेखी नियमांच्या कसोटीवर उतरलाच पाहिजे. ज्याचा अर्ज फेटाळला जातो, त्याला कारण कळणे हा त्याचा हक्क आहे. ते देऊ न शकणाऱ्या यंत्राला निकालाचा अधिकार नको.