टंकणाची लाही आणि वैद्याचा तराजू

टंकण फुलविताना कढईतील खडा बुडबुडतो, वाफ सोडतो आणि अखेर पांढरीशुभ्र, हलकी लाही हाती उरते, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. हाताला कोरड्या लागणाऱ्या त्या खड्यात स्फटिकजल बांधलेले असते. टंकणात त्याचे प्रमाण वजनाने सुमारे ४७ टक्के, स्फटिकेत ४६, कासीसात ४५, तर तुत्थात ३६ टक्के असते. तापविलेले तुत्थ निळेपणा टाकून पांढरे पडते व पाण्याच्या थेंबाने पुन्हा निळे होते, तेही याच पाण्यामुळे.

हा विषय रसायनशास्त्राचा म्हणून बाजूला सारणे आम्हांस मान्य नाही. तो मात्रेचा विषय आहे. त्रिभुवनकीर्ती रसात वत्सनाभ व टंकण समभाग असतात आणि टंकण वत्सनाभाच्या विषप्रभावाचे निवारक मानले जाते. लाहीऐवजी कच्चे टंकण १० ग्रॅम तोलले, तर जलविरहित टंकण जेमतेम ५.३ ग्रॅम पडते. वत्सनाभ मात्र पूर्ण १० ग्रॅम! अशा वेळी समभाग केवळ कागदावर उरतो. उलट, अर्धवट फुललेल्या टंकणाची सवय झालेल्या वैद्याच्या हाती पूर्ण लाही आली, तर त्याच वजनात रुग्णाला अधिक टंकण जाते. बालरुग्णांत हा फरक क्षुल्लक नव्हे.

‘शुद्ध’ म्हणून बाजारातून आणलेले टंकण आम्ही एकदा सहज तव्यावर टाकले, तो ते पुन्हा फुलले. तेव्हापासून केवळ वेष्टनावर विसंबणे आम्ही सोडले.

शोधन म्हणजे निव्वळ निर्जलीकरण, असे आमचे म्हणणे नाही. शोधनाचा शास्त्रोक्त हेतू त्याहून व्यापक आहे. परंतु त्यातील जो भाग तराजूवर मोजता येतो, तो न मोजण्यास सबब कोणती?

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की, फुलविण्यापूर्वीचे व नंतरचे वजन नोंदवावे. वजन स्थिर होईपर्यंत लाही पुनःपुन्हा तापवावी, हवाबंद बरणीत ठेवावी आणि पावसाळ्यात वापरण्यापूर्वी पुन्हा तोलावी. कारण लाही हवेतील ओलावा ओढून घेते. निर्मात्यांनीही ही घट आपल्या नोंदीत दाखवावी. यास यंत्रसामग्री लागत नाही; साधा तराजू आणि एक वही पुरते.