दगड कोणाचा, हात कोणाचा?



वकिलाच्या दारी माणसे येतात ती बहुधा अनर्थ घडून गेल्यावरच. आंबेगाव तालुक्यातील एक माता अशीच एके दिवशी आमच्याकडे आली. पदराच्या गाठीत जामिनासाठी जमविलेले पैसे होते आणि ओठांवर एकच प्रश्न होता : "वकीलसाहेब, माझं पोर नुसतं मोर्चात गेलं होतं. भाषण करणारा मोकळा आणि माझं पोर आत, हे कसं?" घरात भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची प्रतिमा, धम्मदीक्षा घेऊन पुरती दोन वर्षेही झालेली नाहीत, आणि मुलगा सापडला तो परधर्मीयांच्या दुकानांवर दगड टाकणाऱ्या जमावात! त्या मातेला त्या दिवशी आम्हांस पुरते उत्तर देता आले नाही. ते आज येथे देत आहोत, कारण जुन्नर-आंबेगावच्या कोणत्याही बौद्ध घरावर उद्या तीच पाळी येऊ शकते.

प्रथम हे समजून घ्या की, अतिरेक म्हणजे कडक भाषा नव्हे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी जी भाषा वापरली ती मवाळ खासच नव्हती. परंतु त्या भाषेने पाणी मागितले, कोणाचे रक्त मागितले नाही. अतिरेकी तो, जो एखाद्या सबंध समाजाला शत्रू ठरवितो, ज्याला प्रश्न विचारलेला खपत नाही आणि ज्याला आपला क्रोध कायद्याहून थोर वाटतो. मग त्याच्या हाती कोणत्याही रंगाचा झेंडा असो.

या मार्गाचा हिशेब एकदा मांडून पाहा. २० ऑगस्ट १९१३ नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत २०१३ साली, पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घालून मारण्यात आले. अपराध कोणता? लोकांना विचार करावयास शिकविले, हा. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने सचिन अंदुरे व शरद कळसकर या दोघांना जन्मठेप दिली. कटाचा आरोप असलेले इतर तिघे पुराव्याअभावी सुटले. म्हणजे ज्यांनी चाप ओढला ते तुरुंगात गेले. त्यांच्या डोक्यात विष कोणी भरले, या प्रश्नाचे उत्तर मात्र निकालाने मिळाले नाही. त्याच्याही पुढची गोष्ट ऐका. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसरात नमाज पढून परतणाऱ्या एका निरपराध तरुण अभियंत्याला जमावाने ठार केले. २०२३ च्या जानेवारीत त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. न्यायालय पुराव्यावाचून शिक्षा देऊ शकत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण एक घर कायमचे उजाड झाले, आणि गजाआड वर्षे घालविलेल्या तरुणांची उमेद कोण परत देणार? ज्या सभांतून द्वेष पेरला जातो, त्या सभांचे वक्ते कोणाच्याही घरी भाकरी पोहोचवीत नाहीत.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या प्रकरणाकडे या. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा-कोरेगावच्या लढाईस दोनशे वर्षे झाली. त्या स्तंभास बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली होती; म्हणून लाखो लोक मुलाबाळांसह तेथे गेले. वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीच्या फलकावरून त्याआधीच वाद पेटविण्यात आला होता. त्या दिवशी दगडफेक झाली, वाहने जळाली, एका तरुणाचा प्राण गेला. समस्त हिंदू आघाडीचे मिलिंद एकबोटे आणि शिवप्रतिष्ठानचे संभाजी भिडे यांच्याविरुद्ध फिर्याद नोंदली गेली. सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यावर १४ मार्च २०१८ रोजी एकबोटे यांना अटक झाली व पुढे जामीन मिळाला. भिडे यांना अटक झालीच नाही. दोघांनीही आरोप नाकारले आहेत, आणि आरोप म्हणजे सिद्ध गुन्हा नव्हे, हे सांगणे वकील म्हणून आमचे कर्तव्य आहे.

परंतु हाच न्याय दुसऱ्या पारड्यात का घातला गेला नाही? ३१ डिसेंबर २०१७ रोजी शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेवरून ज्यांना धरण्यात आले, त्यांना दहशतवादविरोधी कायदा लावून वर्षानुवर्षे खटल्यावाचून कोंडण्यात आले. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना जामिनासाठी नोव्हेंबर २०२२ पर्यंत झगडावे लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले. तराजू एक, वजने दोन! हा पक्षपात आम्ही उघडपणे निषेधितो. बंदुकीच्या जोरावर क्रांती करू पाहणारा माओवाद्यांचा पंथ आमचा नव्हे. १९५६ साली काठमांडूच्या भाषणात बाबासाहेबांनी मार्क्सचा मार्ग आणि बुद्धाचा मार्ग यांतील भेद स्पष्ट केलाच आहे. पण हक्क मागणाऱ्या प्रत्येकावर त्या पंथाचा शिक्का मारणे, हाही एक अतिरेकच होय.

आता आपल्यातीलच काही तरुण म्हणतील : "तराजूच खोटा असेल तर दगडाला दगडानेच उत्तर द्यावे." हा विचार आम्हांस शत्रूच्या भाषणाहून अधिक भयावह वाटतो. जुन्नरकडे पाहा. लेण्याद्रीच्या ज्या लेण्यात आज गिरिजात्मजाचे देवालय आहे, तो मुळात भिक्खूंचा विहार होय. त्याच्या तिन्ही भिंतींत भिक्खूंच्या वीस खोल्या आजही मोजता येतात. कोणी म्हणतो ही लेणी बौद्धांची नव्हेतच. आणि आपला एखादा तापलेला तरुण म्हणतो, हातोडा घेऊन चला. दोघेही इतिहासाचे वैरीच! लेणी हे संरक्षित स्मारक आहे. त्यास इजा करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यान्वये दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि तो कायदा हात कोणाचा होता हे विचारीत नाही. आपला पुरावा त्या दगडातच कोरलेला आहे. तो फोडून आपण काय सिद्ध करणार?

तो पुरावा एकदा वाचून तरी घ्या. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या टाक्या दिल्याचा लेख आहे. चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे परदेशी, ग्रीक वंशाचे लोक. धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नावेही जुन्नरच्या लेखांत येतात. ज्या डोंगरावर परक्याने खोदविलेल्या टाक्याचे पाणी भिक्खू प्याले, त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहून आपण 'परका' म्हणून शेजाऱ्याचे दुकान फोडावे काय? आणि त्याच शिवनेरीवर १६३० साली जन्मलेल्या शिवरायांचे नाव घेऊन कोणी तुमच्या मुलाच्या हाती दगड देत असेल, तर तो शिवरायांचाही नव्हे आणि तुमचाही नव्हे.

एका समाजाच्या नावाने सूड उगविण्याचे फळ या महाराष्ट्राने पाहिले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधींचा खून करणारा नथुराम गोडसे याच पुणे जिल्ह्यातील बारामतीत जन्मलेला. त्याला न्यायालयाने शिक्षा दिली. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी तो फासावर गेला. पण त्यापूर्वीच, खुनाची वार्ता येताच, ज्यांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नव्हता अशा ब्राह्मणांची घरे गावोगाव जाळली गेली. जातीवरून माणसाला दोषी ठरविणे हाच तर मनूचा कायदा! तो ज्यांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला जाळला, त्यांच्या अनुयायांनी तो उलटा करून वापरावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

मग काय गप्प बसावे? मुळीच नाही! महाडलाच पुन्हा चला. मार्च १९२७ मध्ये सवर्णांनी आपल्या लोकांवर हल्ला केला, तेव्हा बाबासाहेबांनी प्रतिहल्ला होऊ दिला नाही. डिसेंबरात हजारो सत्याग्रही सिद्ध असतानाही न्यायालयाचा मनाईहुकूम होता म्हणून त्यांनी सत्याग्रह तहकूब केला. त्यांना भित्रे म्हणण्याची कोणाची छाती आहे? दहा वर्षे दावा लढविला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळे खुले असल्याचा निर्णय दिला. जमावाने मिळविलेले जमाव हिरावून घेतो. असा निकाल हिरावून घेता येत नाही.

म्हणून घरोघरी हे पाठ करा. समाजासमाजांत वैर पेटविणारे भाषण हा भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमान्वये गुन्हा आहे. अशा भाषणाची पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता स्वतः दखल घ्यावी, असा सर्व राज्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २८ एप्रिल २०२३ चा आदेश आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे बंधनकारक आहे, हे त्याच न्यायालयाने २०१३ साली सांगितले. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांस लेखी कळवा, तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. धम्म स्वीकारला म्हणून अनुसूचित जातीचे संरक्षण गेले, असे कोणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो. १९९० च्या दुरुस्तीने ते बौद्धांनाही आहे, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तुमच्यासाठी उभा आहे. तारीख, वेळ, साक्षीदार आणि पोच, ही चार शस्त्रे प्रत्येक कुटुंबापाशी असलीच पाहिजेत.

त्या मातेस आता आमचे उत्तर असे : बाई, भाषण करणारा मोकळा आहे, कारण दगड त्याचा असला तरी हात तुझ्या मुलाचा होता. उद्या कोणी तुमच्या मुलाला बोलवावयास आला, तर दारातच त्याला विचारा : "तुमचा स्वतःचा मुलगा आज कोठे आहे?" तो शाळेत असेल, तर आमचाही शाळेतच जाईल.

जय भीम!