उतारा कुणाच्या नावावर?

‘सर, आपला पॉडकास्ट सगळीकडे ऐकू येतो, मग काळजी कसली?’ असे एका माजी विद्यार्थ्याने मला ऐकवले, तेव्हा मी गप्प बसलो होतो. आता बसवत नाही.

आमच्या शाळेने गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या आणि आठवणी ध्वनिमुद्रित करून प्रसारित केल्या. मराठीत सहज कानडी मिसळणाऱ्या त्या आज्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. खाते ज्या तरुणाने उघडले, त्याने स्वतःच्या नोकरीतला ई-मेल घातला. पुढे नोकरी सुटली, ई-मेल बंद झाला. आज शाळेला तिथे एक अक्षर बदलता येत नाही. दोष त्याचा नाही. मुख्याध्यापक मी होतो. विचारायला मी हवे होते.

पॉडकास्ट ॲपलकडे ‘असतो’ हा समजच खोटा. ॲपल एरवी ध्वनिफीत स्वतःकडे ठेवतही नाही. असते ती आरएसएस फीड (आद्याक्षरे ऐकून शाखा आठवू नये, ही निराळी!). फीड म्हणजे साधी लिखित यादी: भागाचे नाव, तारीख आणि ध्वनिफीत कुठे आहे तो पत्ता. ॲप ती वेळोवेळी वाचते, एवढेच. डेव्ह वायनर यांनी २००० साली या यादीत ध्वनिफीत जोडण्याची सोय केली. २०२४ मध्ये गुगलने आपले पॉडकास्ट ॲप बंद केले, तरी कार्यक्रम मेले नाहीत. यादी ज्याची त्याच्याकडे होती. काही मंडळे मात्र एकाच ॲपच्या पोटात कार्यक्रम ठेवतात आणि त्यालाच पॉडकास्ट म्हणतात. तिथे फीडच नाही. ॲपवाल्याने दार लावले की संपले.

यादी दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, तर जुन्या पत्त्यावर स्थलांतराची पाटी लावावी लागते. मग ॲप आपोआप नव्या पत्त्यावर जाते. पण ती पाटी लावणार जुन्या खात्याची किल्ली असणाराच.

‘ध्वनिफिती तर आपल्याकडे आहेत ना?’ असे आमचे एक विश्वस्त म्हणाले. आहेत. पण शेतातली माती पोत्यात भरून घरी आणली म्हणून उतारा आपल्या नावावर चढत नाही! फुकटच्या खात्यावर खूश होणाऱ्या वाचनालयांनी आणि मंडळांनी आपल्या फीडमध्ये कुणाचा ई-मेल आहे, ते आजच पाहावे.

आम्ही शाळेच्या नावाचा पत्ता विकत घेऊन नवी फीड सुरू केली आहे. जुन्या श्रोत्यांना एकेक फोन करतो आहोत. परवापर्यंत बेचाळीस झाले.