साखरखेर्ड्याचा धडा

मातृतीर्थ सिंदखेड राजाचे नाव घेताच प्रत्येक मराठी मस्तक आदराने लवते. त्याच तालुक्यातील साखरखेर्ड्याच्या रणभूमीचे स्मरण मात्र क्वचितच होते. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे झालेल्या लढाईला २०२४ साली तीनशे वर्षे पूर्ण झाली. मोगल सत्तेचा दक्षिणेतील पाया खचला, तो याच भूमीवर.

या लढाईतील दोन्ही सेनापती मोगलांचेच सरदार होते आणि दोघांची मुळे मध्य आशियात होती. निजामुल्मुल्काचे आजोबा समरकंद-बुखाऱ्याच्या प्रदेशातून हिंदुस्थानात आले आणि १६८७ मध्ये औरंगजेबासाठी गोवळकोंड्याच्या वेढ्यात कामी आले. नातू दिल्लीचा वजीर झाला. परंतु दरबारी कारस्थानांना विटून दक्षिणेकडे वळला. बादशहा महंमदशहाने त्याच्यावर हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला सोडले. साखरखेर्ड्यास मुबारिजखान मारला गेला. आपल्याच सुभेदाराचा वध करणाऱ्याला बादशहाने पुढच्याच वर्षी ‘आसफजाह’ हा किताब दिला!

सातव्या शतकात अरबस्तानातून निघालेली इस्लामची राजसत्ता शतकभरातच स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचली. तिने नगरे वसविली, शास्त्रे जोपासली, भव्य वास्तू उभारल्या. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सत्तेच्या आश्रयाने वाढलेल्या साम्राज्यांत वारसा आणि सुभेदारी यांचा निवाडा वारंवार तलवारीनेच झाला. राजधानी दुबळी होताच सुभे स्वतंत्र झाले. बगदादच्या खिलाफतीचे जे झाले, तेच दिल्लीचेही झाले.

मग या लढाईत मराठे कोठे होते? चोवीस वर्षांचा बाजीराव पेशवा निजामाच्या बाजूने उभा होता. त्याने मोगलांतील दुफळी ओळखली आणि निजामाचे युद्धतंत्रही जवळून पाहिले. साडेतीन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७२८ मध्ये, पालखेड येथे त्याने त्याच निजामाची कोंडी केली. मुंगी-शेवगावच्या तहाने छत्रपती शाहूंचा चौथाई व सरदेशमुखीचा हक्क निजामाला मान्य करावा लागला.

परंतु या इतिहासाची दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. सेनापती धनाजी जाधवांचा पुत्र चंद्रसेन आपसांतील मानापमानापायी शाहूंना सोडून निजामाच्या आश्रयास गेला होता. ज्या जाधवकुलाने स्वराज्याला जिजाऊ दिली, त्याच कुलातील हा वीर! साखरखेर्ड्यावर स्थिर झालेली निजामशाही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत टिकली. परक्यांतील दुहीने आपल्याला संधी दिली, तर स्वकीयांतील दुहीने परक्यांना दीर्घायुष्य दिले.

प्रतिपक्षाच्या सभ्यतेविषयी केवळ रोष बाळगून इतिहास समजत नाही. त्यासाठी सेतुमाधवराव पगडींप्रमाणे मूळ फारसी साधने वाचणारे अभ्यासक हवेत. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी सिंदखेड राजाच्या सहलीत साखरखेर्ड्याचाही समावेश करावा आणि मुलांना ही कथा दोन्ही बाजूंसह सांगावी.

विजयानंतर निजामाने या गावाचे नाव ‘फतेहखेडा’ ठेवले होते. बादशाही गेली, निजामशाहीही गेली. लोकांच्या जिभेवर राहिले ते साखरखेर्डाच. समाजाने जपलेली स्मृती राजाज्ञेहून चिवट असते. ती डोळसपणे जपणे हे आपले काम आहे.